झूम किती? हा प्रश्नच चुकीचा

होस्टेलवर रायफलच्या स्कोपचा विषय निघाला (काउंटर-स्ट्राइकच्या कृपेने तो निघतोच) की पहिला प्रश्न ठरलेला : "झूम किती?" चाळीस म्हटलं की सगळे गार! मला मात्र वाटतं, लांब पल्ल्याच्या नेमबाजीत स्कोप निवडताना झूम सगळ्यात शेवटी विचारावा.

एफ-क्लास नावाची स्पर्धा घ्या. रायफल बायपॉडवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवायची, पालथं पडायचं आणि पार १००० यार्डांपर्यंत नेम धरायचा. तिथल्या अमेरिकन टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त १० इंचांचं. आता .३०८ ची गोळी १०० यार्डांवर अचूक लावलेली असेल, तर १००० यार्डांपर्यंत ती साधारण १० मीटर खाली येते. गेममधल्यासारखी सरळ जात नाही, भाऊ! म्हणून स्कोपची वरची नॉब सुमारे ३८ मिनिटं (अंशाचा साठावा भाग ते एक मिनिट) फिरवायची. पाव मिनिटाचा एक क्लिक धरला तर दीडशे क्लिक झाले. त्यात नॉबने दोन टक्के जरी गडबड केली, तरी गोळी ८ इंच चुकते, म्हणजे दहाच्या बाहेर. सरावाचे शॉट मारून हे सुधारता येतं, कबूल. पण वारा बदलला की पुन्हा नॉबच फिरवायची ना?

आता सांगा, हे आपलं फर्स्ट इयरचं स्क्रू गेजच नाही का? 'बॅकलॅश एरर' आपण जर्नलमध्ये डोळे मिटून उतरवलं. इथे त्याच एररने मॅच जाते. पॅरॅलॅक्सचंही तेच. डोळा जरा हलवला आणि क्रॉस टार्गेटवरून सरकला, तर बाजूची नॉब फिरवून ते घालवता आलं पाहिजे. लॅबमध्ये पिना जुळवायचो तसं.

आणि झूम? दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, ती थरथरही झूमबरोबर मोठी दिसते. म्हणून ४०-५० पट झूम असलेले खेळाडूसुद्धा अशा वेळी तो कमी करतात. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकलं, ते तर भिंगाशिवाय! ऑलिंपिकच्या रायफलवर स्कोप चालतच नाही. बारीक भोकातून बघायचं. अंतर वेगळं, खेळ वेगळा, पण आकड्यांवर भाळणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

तेव्हा घेण्याआधी एकच करावं. स्कोप घट्ट आवळून १०० यार्डांवर उभी पट्टी लावायची आणि नॉब ३० मिनिटं फिरवायची. क्रॉस ३१.४ इंच सरकला पाहिजे, तोही सरळ रेषेत. उलट फिरवल्यावर बरोब्बर मूळ जागी आला पाहिजे. नाही आला, तर वर ५५ एक्स छापलेलं असलं तरी दुकानदाराला परत!