विश्लेषण : सर्व्हरचा ‘राखणदार’ अपग्रेड करण्याआधी डेटाबेस का तपासावा?

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य वाशिम जिल्ह्यात कुणाला नवे नाही. मानोरा किंवा रिसोडहून एका दाखल्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला त्याची किंमत कळते. सर्व्हर बंद पडण्याची कारणे अनेक असतात. पण बिघाडाची चाहूल देणारी यंत्रणाच घाईच्या अपग्रेडमुळे बंद पडणे, हे कारण मात्र पूर्णपणे टाळता येण्यासारखे आहे.

निगराणी सॉफ्टवेअर काय करते?

सर्व्हरची डिस्क किती भरली, मेमरी किती उरली, नेटवर्क सुरू आहे का, याची नोंद ते सतत घेते. मर्यादा ओलांडली की कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर इशारा येतो. ‘झॅबिक्स’ हे यातील एक प्रचलित मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ते लाटव्हियात तयार झाले आणि २००१ मध्ये प्रथम सर्वांसाठी खुले झाले. परवान्याचा खर्च नसल्याने कमी बजेटच्या संस्थांनाही ते परवडते.

डेटाबेसचा संबंध कुठे येतो?

या सगळ्या नोंदी मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएल अशा डेटाबेसमध्ये साठतात. निगराणी सॉफ्टवेअर आणि डेटाबेस ही दोन वेगळी उत्पादने असून दोघांच्या आवृत्त्या आपापल्या गतीने बदलतात. एक नवे आणि दुसरे जुने राहिले, की जोडी जुळत नाही.

अडचण नेमकी कशी उद्भवते?

फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या झॅबिक्स ६.० ने किमान अट कडक केली. मायएसक्यूएल ८.०, मारियाडीबी १०.५ किंवा पोस्टग्रेएसक्यूएल १३ त्यासाठी आवश्यक ठरले. उबुंटू २०.०४ सोबत मात्र मारियाडीबी १०.३ आणि पोस्टग्रेएसक्यूएल १२ मिळत होते. १०.३ आणि १०.५ यांतील फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्यावरून झॅबिक्सचा सर्व्हर सुरूच होण्यास नकार देतो. ‘अलाऊ अनसपोर्टेड डीबी व्हर्जन्स’ ही सेटिंग वापरून तो रेटून सुरू करता येतो, मात्र जबाबदारी वापरणाऱ्याची. तात्पुरती सोय म्हणून केलेली ही तडजोड वर्षानुवर्षे तशीच राहण्याचा धोका असतो.

मागे फिरता येते का?

सहजासहजी नाही. नवी आवृत्ती पहिल्यांदा सुरू होताच डेटाबेसमधील तक्त्यांची रचना आपोआप बदलते. त्यानंतर जुने सॉफ्टवेअर पुन्हा बसवले तरी त्याला नवी रचना चालत नाही. परतीची वाट एकच : अपग्रेडपूर्वी घेतलेला बॅकअप. तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिलेला नसेल, तर त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

तपासणी कशी करावी?

आधी डेटाबेसची सध्याची आवृत्ती पाहावी. त्यासाठी एका ओळीची आज्ञा पुरते. ती नव्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवश्यकतांच्या तक्त्याशी ताडावी. किमान आकड्याबरोबर कमाल आकडाही पाहावा, कारण फार नवा डेटाबेसही यादीत नसू शकतो. मग बॅकअप, त्यानंतर डेटाबेसचे अपग्रेड, ते नीट चालल्याची खात्री आणि शेवटी निगराणी सॉफ्टवेअरचे अपग्रेड, हा क्रम चुकवू नये. शक्य असल्यास आधी चाचणी यंत्रावर रंगीत तालीम करावी. नोंदी जास्त असतील तर तक्ते बदलायला बराच वेळ लागतो. तो मध्येच तोडू नये.

मग जुनेच चालू ठेवले तर?

तोही मार्ग सुरक्षित नाही. मायएसक्यूएल ५.७ चा अधिकृत पाठिंबा ऑक्टोबर २०२३ मध्ये, तर पोस्टग्रेएसक्यूएल १२ चा नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला. पाठिंबा संपला, की सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबतात. अपग्रेड टाळता येत नाही. त्याची वेळ मात्र निवडता येते.

जिल्ह्याच्या पातळीवर काय व्हावे?

वाशिम हा राज्यातील चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. इथे तंत्रज्ञ मोजके आणि देखभालीची कामे बहुधा कंत्राटावर. म्हणूनच देखभालीच्या करारात सुसंगततेची लेखी तपासणी आणि बॅकअपची चाचणी या दोन अटी असायलाच हव्यात. पीक विमा किंवा प्रवेश अर्जांची मुदत संपत असताना अपग्रेड हाती घेऊ नये. निगराणी बंद असेल त्या तासांत सर्व्हरकडे लक्ष कोण देणार, हेही आधी ठरवावे. ही तपासणी अर्ध्या तासाची आहे. ती टाळल्याची किंमत मात्र रांगेत उभ्या माणसाला मोजावी लागते.