धांवांची रास आणि प्रतिपक्षाचें बळ

यंदाच्या हंगामाच्या अखेरीस आमच्या शाळेचा एक फलंदाज मैदानावरून धांवतच मजकडे आला व "गुरुजी, ११२ धांवा!" असें मोठ्या अभिमानानें म्हणाला. "समोर कोण होतें?" असें मीं विचारतांच तो गप्प झाला. समोर त्याच्याहून तीन इयत्ता खालचीं मुलें होतीं. त्याच्या मौनानें मला विचारांत पाडलें. दुबळ्या प्रतिपक्षाविरुद्ध मिळविलेल्या आंकड्याची किंमत ती काय?

महाराष्ट्रांतील प्रसिद्ध उदाहरण घ्या. १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास रणजी करंडकाच्या सामन्यांत भाऊसाहेब निंबाळकर यांनीं काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धांवांचा तत्कालीन उच्चांक मोडण्यास १० धांवा हव्या होत्या, तोंच काठेवाडच्या कप्तानांनीं सामना सोडून दिला. काठेवाडच्या २३८ धांवांस महाराष्ट्रानें ४ बाद ८२६ असें उत्तर दिलें होतें. भांडारकर यांनींही त्याच डावांत २०५ धांवा केल्या. तेव्हां गोलंदाजी दुबळी होती, हें उघड आहे. परंतु तीच गोलंदाजी सर्वांना मिळाली असतां ४४३ पर्यंत एकटे निंबाळकरच पोहोंचले, हेंही तितकेंच खरें.

त्याच वर्षीं जानेवारींत ॲडलेडच्या कसोटींत विजय हजारे यांनीं दोन डावांत ११६ व १४५ धांवा केल्या. समोर ब्रॅडमन यांचा संघ, लिंडवॉल व मिलर यांची गोलंदाजी. आणि आपला संघ डावानें हरला. ४४३ पुढें १४५ लहान दिसतात. तराजूंत घातल्यास मात्र कोणतें पारडें खालीं जाईल, हें सांगणें सोपें नाहीं.

अलीकडील गोष्ट पाहा. २०१८-१९ च्या रणजी हंगामांत ईशान्येकडील राज्यांसह नऊ संघांचा निराळा गट होता. त्या गटांतून सिक्कीमच्या मिलिंद कुमार यांनीं १३३१ धांवा केल्या, तर बिहारच्या आशुतोष अमन यांनीं ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदी यांचा ६४ बळींचा उच्चांक मागें टाकला. आपल्या विदर्भाचे वसीम जाफर यांनीं वरच्या गटांत १०३७ धांवा केल्या, आणि विदर्भानें नागपुरास करंडक राखला. पहिली रास उंच. दुसरी, माझ्या मतें, वजनदार.

कोणी म्हणेल, खेळाडू आपला प्रतिपक्ष थोडाच निवडतो? बरोबर आहे. म्हणून मी त्या खेळाडूंस दोष देत नाहीं. समोर येईल त्याच्याशीं मनःपूर्वक खेळणें हा त्यांचा धर्म होय. दोष तेव्हां घडतो, जेव्हां आपण मुद्दाम दुबळा गडी शोधतों, अथवा आंकडा सांगतांना त्याचें नांव गिळतों. उन्हाळ्यांत आपली मन नदी कोणीही पायीं ओलांडतो. पोहणाऱ्याची परीक्षा श्रावणांतल्या पुरांत होते. शिवाय त्या लहान मुलांचाही विचार करावा. दिवसभर उन्हांत चेंडूमागें धांवून तीं काय शिकलीं असतील?

यास्तव माझी सूचना अशी कीं, शाळेच्या फलकावर धांवांच्या शेजारीं प्रतिपक्षाचें नांव व इयत्ताही लिहावी, आणि प्रत्येक हंगामांत आपल्याहून बलवान अशा संघाशीं एक तरी सामना घ्यावा. पालकांसही विनंती कीं, मुलानें गुण सांगितले म्हणजे प्रश्नपत्रिका सोपी होती कीं कठीण, हेंही विचारावें. आंकडा खोटें बोलत नाहीं. परंतु एकटा असला म्हणजे तो अर्धेंच बोलतो.

त्याच मुलानें पुढें मोठ्या मुलांच्या संघाविरुद्ध दीड तास टिकून १७ धांवा केल्या. तो आंकडा सांगण्यास तो मजकडे आला नाहीं. म्हणून मीच तो येथें नमूद करीत आहें.