तान्हा पोळा पाहिला, पण बैल दिसला नाही



या पानावर मी नेहमी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. आज जरा घरचे सांगतो. पण शेवटी गाडी तुमच्या-माझ्या बांधावरच येणार आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी तो १८०६ साली सुरू केला असे सांगतात. हेतू सरळ होता. लाकडी बैल हाती देऊन पोरांना खऱ्या बैलाची माया लावावी. आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा नावाजलेला. तिथल्या मोठमोठ्या बैलांच्या गोष्टी ऐकून आमच्या पोरांनी यंदा हट्ट धरला. समुद्रपूरहून सिंदीला जाणे जमले नाही, म्हणून जवळच्याच एका गावी गेलो.

मुलाजवळ माझ्या लहानपणचा बैल होता. गावच्या सुताराने सागाच्या तुकड्यातून केलेला, वीतभर उंच, एक शिंग मोडलेले. सौ.ने आदल्या रात्री त्याला गेरू लावला, मुलीने लुगड्याच्या काठाची झूल शिवली.

चारला बोलावले होते. पाहुणे साडेसहाला आले. मग हारतुरे, सत्कार, भाषणे. भोंग्यावर सिनेमाची गाणी. झडती एकही नाही. पहिले बक्षीस सर्वांत उंच बैलाला, तोही मोठ्या माणसांनी गाडीतून उतरवलेला. आमच्या पोराच्या बैलाकडे कोणी पाहिलेसुद्धा नाही. तेवढ्यात पावसाची सर आली, बोजारा म्हणून बिस्किटाचा पुडा हाती पडला आणि पोळा फुटला.

परतताना मुलगा म्हणाला, "बाबा, आपला बैल लहान हाये म्हणून हरला का?" मी उत्तर शोधतो तोच मुलीने विचारले, "अन् खरे बैल कुठं होते?"

आयोजकांवर मी चिडलो होतो, तो राग तिथेच उतरला. कारण आदल्या दिवशी मोठ्या पोळ्यात तोरणाखाली उभ्या असलेल्या जोड्या मीच बोटांवर मोजल्या होत्या. खरा बैलच कमी झाला, तर लाकडी बैलाची नुसती उंचीच वाढणार!

मी ट्रॅक्टरच्या विरोधात नाही. जोडीची किंमत, वर्षभराची वैरण, गड्याचा प्रश्न, सगळे मला ठाऊक आहे. पण लागवडीआधी हेक्टरी २० ते २५ टन, म्हणजे ४०-५० गाड्या शेणखत टाका असे मी सांगतो, तेव्हा तुम्हीच हसून विचारता, "साहेब, गोठाच रिकामा, तर खत आणाचं कुठून?" तागाचे हिरवळीचे खत घ्या, पाचट जाळू नका, कुजवा, हे मी सांगतोच. तरी गोठ्याची भरपाई पूर्ण होत नाही, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. पुढच्या वर्षी आपापल्या गावी तान्ह्या पोळ्यात एक तरी खरी जोडी तोरणाखाली उभी करा. पहिला बोजारा ती सांभाळणाऱ्या गड्याला द्या. बक्षीस उंचीला नको. बैलाला काय खाऊ घालतात, खांदा सुजला तर काय करतात, हे जो पोरगा किंवा पोरगी सांगेल त्याला द्या. भाषणे नकोत, जुन्या माणसांनी झडत्या म्हणाव्यात. याला वर्गणीही फारशी लागत नाही.

ज्यांच्या घरी जोडी नाही, त्यांनी खांदेशेकणीला पोरांना शेजाऱ्याच्या गोठ्यात न्यावे. हळद-लोण्याचा हात एकदा बैलाच्या खांद्यावरून फिरला, की पोर ते विसरत नाही. आमच्याही घरी जोडी नाही. पुढच्या खांदेशेकणीला मी दोन्ही पोरांना घेऊन तुमच्यापैकी कोणाच्या तरी गोठ्यावर येणार आहे. ज्याची हरकत नसेल, त्याने शेतकी खात्यात निरोप ठेवावा.

आपला,
ऊस विकास अधिकारी