पाहुण्या संशोधकाने राहायचे कुठे?

उपग्रह उड्डाणाच्या आधीच्या आठवड्यात एक छायाचित्र हमखास प्रसिद्ध होते. सोनेरी आवरणात गुंडाळलेला उपग्रह आणि त्याच्या भोवती पांढऱ्या झग्यातली, डोळ्यांखेरीज सारे झाकलेली दहा-बारा माणसे. त्यांतले कायम नोकरीतले किती आणि पुणे, मुंबई किंवा अहमदाबादहून काही महिन्यांसाठी आलेले पाहुणे किती, हे चित्र पाहून सांगता येत नाही, कारण झगा सर्वांना सारखाच असतो. फरक दिसतो तो संध्याकाळी झगा उतरवल्यावर. एक जण वसाहतीतल्या घरी जातो आणि दुसरा बाह्यवळण रस्त्याच्या कडेला उभा राहून दलालाचा फोन लागतो का ते पाहतो.

हा रस्ता बेंगळूरुच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागातला. मराठहळ्ळीजवळ, कार्तिकनगर परिसरात इस्रोचे उपग्रह जुळणी व चाचणी केंद्र आहे. बोलताना सारे त्याला 'आयसाइट' म्हणतात. जून 2019 मध्ये चांद्रयान-2 चे भाग पत्रकारांना दाखवले गेले ते इथेच. (मराठहळ्ळी हे नाव ऐकून मराठी माणसाला मराठ्यांशी नाते जोडण्याचा मोह होतो. स्थानिक लोक मात्र शेजारच्या विमान कारखान्यातल्या 'मरुत' विमानाचीही कथा सांगतात. दोन्ही कथा ऐकून घ्याव्यात, पैज कोणत्याच कथेवर लावू नये.) आजूबाजूला काचेच्या इमारती, संगणक कंपन्या आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी उभी राहिलेली असंख्य 'पीजी' निवासगृहे. देशातल्या सर्वांत नाजूक उपकरणांपैकी काहींच्या चाचण्या अशा गजबजाटाच्या मधोमध होतात.

भारतीय अवकाशविज्ञानात पाहुणा संशोधक नवा नाही. 19 एप्रिल 1975 रोजी 'आर्यभट' अवकाशात गेला तेव्हा त्यावर तीन वैज्ञानिक प्रयोग होते आणि ते एकाच संस्थेचे नव्हते. बेंगळूरुबरोबर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा यांचाही त्यांत वाटा होता. तो उपग्रह पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये तयार झाला. पुढे 28 सप्टेंबर 2015 रोजी झेपावलेल्या 'अॅस्ट्रोसॅट'मध्ये हीच पद्धत विस्तारली आणि 'आदित्य-एल1'मध्ये ती आणखी ठळक झाली. आदित्यवरील सात उपकरणांपैकी दृश्य प्रकाशाचे किरीटदर्शक बेंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तयार केले, तर सूर्याची अतिनील छायाचित्रे टिपणारी 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या आयुकाने. ही दुर्बीण 200 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीत, अकरा गाळण्यांमधून सूर्यबिंब पाहते. तिने टिपलेली पूर्ण बिंबाची पहिली चित्रे 8 डिसेंबर 2023 रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांनी 'पुण्याची दुर्बीण' म्हणून योग्य तो अभिमान व्यक्त केला.

अभिमान रास्तच आहे. पण पुण्यात आखलेली दुर्बीण उपग्रहावर बसवायची तर तिच्यामागून पुण्यातली माणसेही जातात, आणि त्यांत मोठा भाग पंचविशीतल्या संशोधक विद्यार्थ्यांचा असतो. उपकरण सोपवले की काम संपले, असा समज सर्वदूर आहे. प्रत्यक्षात सोपवल्यानंतरचा काळ सर्वांत कसोटीचा असतो.

प्रयोगशाळेत रुळणे म्हणजे काय, हे बाहेरून फारसे कळत नाही. अतिनील किरणांच्या दुर्बिणीचे उदाहरण घ्यावे. तिचा मोठा शत्रू धूळ आहेच, पण धुळीहून कपटी शत्रू म्हणजे न दिसणारी सेंद्रिय वाफ: गोंद, प्लॅस्टिक, तेलकट बोट यांपासून सुटणारे रेणू. ते आरशावर अतिशय पातळ थर धरतात. अवकाशात गेल्यावर अतिनील प्रकाश त्या थरावर पडतो, रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि आरसा हळूहळू आंधळा होऊ लागतो. तो पुसायला तिथे कोणी जाऊ शकत नाही. म्हणून स्वच्छ कक्षात जाताना अत्तर, पावडर, केसांचे तेल वर्ज्य. मनगटाला पट्टा बांधायचा, कारण अंगावरच्या स्थिर विजेची एक ठिणगी संवेदक निकामी करू शकते. झगा कोणत्या क्रमाने चढवायचा, हातमोजा कशाला लागला की बदलायचा, उपकरणाजवळ किती वेगाने चालायचे, हे सारे पुस्तकात वाचून येत नाही. ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या मागे उभे राहूनच ते अंगवळणी पडते, आणि ते अंगवळणी पडेपर्यंत पाहुण्याला कोणी एकटे सोडत नाही. हे योग्यच आहे. हा तंत्रज्ञ बहुधा कन्नड किंवा तमिळ बोलणारा असतो, त्याच्या नावापुढे पदवीची अक्षरे क्वचितच असतात; पण पदार्थविज्ञानातल्या डॉक्टरेटला तो जे शिकवतो ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

मग चाचण्या. उपग्रहाला प्रक्षेपणातल्या हादऱ्यांची सवय व्हावी म्हणून त्याला हलवले जाते आणि प्रत्येक हलवण्यानंतर दुर्बिणीचे आरसे जागचे ढळले नाहीत ना, हे तपासले जाते. त्यानंतर निर्वात कक्षात त्याला कडाक्याची थंडी आणि उष्णता आळीपाळीने सोसावी लागते. ही शेवटची चाचणी दिवसरात्र चालते. कक्ष एकदा निर्वात केला की 'आता रात्र झाली, उद्या पाहू' म्हणता येत नाही, म्हणून उपकरणाच्या गटातले कोणी ना कोणी पाळीने पडद्यासमोर हजर असावे लागते. पहाटे तीनला एखादा आकडा अपेक्षेपेक्षा थोडा सरकला, तर तो चुकीचा आहे की तापमानाचा स्वाभाविक परिणाम आहे, हे ओळखणारा माणूस तिथे हवा. असा माणूस म्हणजे बहुतेक वेळा तोच विद्यार्थी, ज्याने हे उपकरण गेली चार वर्षे हाताळले आहे.

आता या विद्यार्थ्याचा हिशेब पाहू. 1 जानेवारी 2023 पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा 31,000 रुपयांवरून 37,000 झाली, वरिष्ठ शिष्यवृत्ती 35,000 वरून 42,000. ही वाढ मिळवण्यासाठी देशभरातल्या विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावे लागले होते. बेंगळूरुत घर भाड्याने घेताना दहा महिन्यांचे भाडे अनामत ठेवण्याची जुनी रीत आहे; हल्ली काही घरमालक पाच-सहा महिन्यांवर मान्य होतात. समजा, 18,000 रुपये भाड्याची एक खोली आणि स्वयंपाकघर मिळाले. दहा महिन्यांची अनामत 1,80,000 रुपये होते, म्हणजे कनिष्ठ शिष्यवृत्तीचे जवळजवळ पाच महिने, तेही एकरकमी आणि आगाऊ. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी घरासाठी अनामतीची मर्यादा दोन महिन्यांची आहे. पण तो आदर्श कायदा आहे. दारात उभ्या असलेल्या माणसाला त्याचा आधार कितपत मिळणार?

राहता राहिले पीजी. तिथे दोघा-तिघांत एक खोली मिळते, पण रात्रपाळी करून सकाळी झोपू पाहणाऱ्याला सोबतीचा अलार्म झोपू देत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात शहरातल्या कूपनलिका आटल्या तेव्हा महादेवपुरा हा सर्वाधिक झळ बसलेल्या भागांपैकी होता आणि टँकरची वाट पाहणे हा दिनक्रमाचा भाग झाला होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, हा दिलासा. मेट्रोची जांभळी मार्गिका ऑक्टोबर 2023 पासून व्हाइटफील्डपर्यंत सलग धावते. पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने येणारा विद्यार्थी तिच्यातून कृष्णराजपुरमपर्यंत आरामात पोहोचतो. तिथून मराठहळ्ळीकडचे उरलेले काही किलोमीटर मात्र आधीच्या सगळ्या प्रवासाहून लांब वाटतात. 'स्वल्प अॅडजस्ट माडी' हे बेंगळूरुचे लाडके वाक्य. 'स्वल्प' मराठी माणसाला शिकवावे लागत नाही, 'अॅडजस्ट' करायची सवयही आपसूक लागते.

अडचणीचे मूळ शहरात नाही, एका प्रशासकीय पोकळीत आहे. कायम वैज्ञानिकाची बदली झाली तर त्याला स्थलांतराचा खर्च आणि वसाहतीच्या यादीत क्रमांक मिळतो. चार दिवसांच्या बैठकीला आलेल्याला प्रवासभत्ता व अतिथिगृह असते. सात-आठ महिने येऊन राहणारा विद्यार्थी या दोन्ही चौकटींत बसत नाही. त्याचे नाव पुण्याच्या वसतिगृहाच्या नोंदवहीत असते आणि तो स्वतः बेंगळूरुत. कागदावर तो दौऱ्यावर, प्रत्यक्षात बिऱ्हाडकरू. बेंगळूरुचे केंद्र त्याला बाहेरचा समजते, पुण्याची संस्था त्याला बाहेर गेलेला समजते. यात कोणी दुष्ट नाही. दोन्हीकडचे अधिकारी नियमाने वागतात. पण अंतर भरून काढतात ते विद्यार्थ्याचे आईवडील, आणि हा खर्च मोहिमेच्या अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही.

भारतीय अवकाशमोहिमा स्वस्त असतात, या गोष्टीचे कौतुक अमाप होते. ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र स्वस्ताईचा काही भाग काटकसरीचा असतो आणि काही भाग दुसऱ्याच्या खिशातला, हे कौतुक करणाऱ्यांनी कधीतरी वेगळे करून पाहायला हवे. ज्याच्या घरून दीड-दोन लाख रुपये उभे राहू शकत नाहीत, तो विद्यार्थी उपकरणबांधणीकडे वळतच नाही. तो संगणकावर करता येणारा विषय निवडतो. म्हणजे उपकरण कोण बांधणार, हे बुद्धीइतकेच घरच्या ऐपतीवर ठरू लागते. अॅस्ट्रोसॅटला 2004 मध्ये मंजुरी मिळाली आणि तो 2015 मध्ये उडाला. पीएच.डी. मात्र पाच-सहा वर्षांत संपवावी लागते. ज्याने स्वच्छ कक्षात वर्षे घातली त्याच्या नावावर शोधनिबंध कमी असतात, आणि निवड समित्या शोधनिबंध मोजतात.

यावर उपाय परदेशातूनच आणावा लागेल असे नाही. 1988 मध्ये आयुका स्थापन करताना जयंत नारळीकरांनी पाहुण्यालाच संस्थेच्या केंद्रस्थानी ठेवले. विद्यापीठांतल्या शिक्षकांनी यावे, काही आठवडे राहावे, काम करून परत जावे, यासाठी अभ्यागत सहयोगी योजना आली. त्यांच्या प्रवासाची आणि निवासाची जबाबदारी संस्थेने उचलली. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या त्या परिसरात राहण्याची सोय ही विज्ञानाला पूरक म्हणून नव्हे, विज्ञानाचाच भाग म्हणून बांधली गेली. नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय दुर्बिणीपाशीही निरीक्षणासाठी येणाऱ्यांच्या मुक्कामाची सोय आहे. जिनिव्हाजवळील सर्नमध्ये कायम कर्मचारी सुमारे अडीच हजार आणि बाहेरून येणारे संशोधक बारा हजारांच्या घरात. त्यांच्यासाठी स्वतंत्र कार्यालय आणि आवारातच वसतिगृहे आहेत. भारत 2017 पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे तिथे राहून आलेले अनेक भारतीय संशोधक ही व्यवस्था जवळून जाणतात. परतल्यावर ते वेगकाविषयी भरभरून लिहितात, त्या कार्यालयाविषयी फार कमी.

सुरक्षेचा आक्षेप येईल. उपग्रह केंद्राच्या कुंपणात बाहेरच्यांना मुक्कामाला ठेवणे सोपे नाही, हे मान्य. पण वसतिगृह कुंपणाच्या आतच हवे असा हट्ट नाही. बेंगळूरुत वैज्ञानिक संस्था इतक्या आहेत की त्यांनी मिळून पूर्व भागात शे-सव्वाशे खोल्यांची एक इमारत चालवणे अशक्य नाही. ते जमेपर्यंत प्रत्येक उपकरणाच्या अंदाजपत्रकात अनामतीसाठी फिरता निधी ठेवता येईल: विद्यार्थ्याने तो वापरायचा आणि घर सोडताना परत करायचा. अशा निधीत पैसा खर्च होत नाही, अडकतो एवढेच.

हा प्रश्न लवकरच मराठवाड्यात येणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 6 एप्रिल 2023 रोजी सुमारे 2,600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, त्यांत अतिउच्च निर्वात, आणि जुळणीची वर्षानुवर्षे. पुण्याच्या आयुकाबरोबर इंदूर आणि गांधीनगरच्या संस्था त्यात आहेत. देशभरातले विद्यार्थीही येतील. औंढ्याला पीजींची रांग नाही, मेट्रो नाही, दहा महिन्यांची अनामत मागणारा घरमालकही बहुधा नसेल, कारण भाड्याने देण्याजोगी घरेच मोजकी आहेत. चेन्नईहून दोन वर्षांसाठी आलेल्या संशोधिकेचे मूल कोणत्या शाळेत जाईल, रात्रपाळीनंतर तिला निवासावर कोण पोहोचवील, ती आजारी पडली तर हिंगोलीला न्यायचे की नांदेडला, हे निर्वात नळ्यांच्या आराखड्याबरोबरच ठरवून ठेवायला हवे. जागा आहे, पैसा मंजूर आहे, आणि बांधकाम व्हायचे आहे तोवर नकाशावर एक इमारत वाढवणे तुलनेने स्वस्त आहे.