किंमत दगडाची, मोल नोंदीचे

कार्तिकात तुळशीचे लग्न लागते तेव्हा वाशी-नेरुळच्या कित्येक घरांत देव्हाऱ्यातील काळा, गुळगुळीत शाळिग्राम बाहेर येतो. त्यावरील चक्र भाविकांना विष्णूची खूण वाटते. भूशास्त्र त्यास अमोनाइट या सागरी प्राण्याच्या शंखाचे वेटोळे म्हणते. टेथिस समुद्र मिटला, तेथे हिमालय उभा राहिला आणि त्याच्या तळाचे हे दगड नेपाळातील काली गंडकी वाहून आणू लागली. श्रद्धा व शास्त्र यांचे येथे भांडण नाही.

नवी मुंबईच्या पारसिक डोंगरात मात्र अमोनाइट सापडावयाचा नाही. हा डोंगर लाव्हारसाच्या काळ्या पाषाणाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरत होता, त्याच सुमारास अमोनाइटांचा वंश संपला. साहजिकच येथील हौशी संग्राहकाने कच्छ किंवा तमिळनाडूतील अरियलूर गाठावे, नाहीतर बाजार. खरा प्रश्न या बाजाराचा आहे.

दुर्मीळ वस्तूला किंमत येते, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक पाठ. परंतु अमोनाइटाचे मोल केवळ दुर्मीळतेत नाही. या प्राण्यांच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या. म्हणून कोणत्या थरात कोणती जात आढळते, यावरून खडकाचे वय ठरते. विल्हेल्म वागेन यांनी १८७० च्या दशकात कच्छच्या अमोनाइटांवर जो ग्रंथ सिद्ध केला, त्याचे महत्त्व यातच आहे. थर व ठिकाण यांची नोंद नसलेला नमुना म्हणजे तारीख आणि जावक क्रमांक नसलेले सरकारी पत्र! बाजार नेमकी हीच नोंद पुसतो आणि दगडाला झिलई देऊन विकतो. खरेदीदाराला शोभेची वस्तू मिळते. समाज मात्र पुन्हा न मिळणारे ज्ञान गमावतो.

केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भूवारसा स्थळे व अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. असा कायदा अवश्य हवा. तथापि, सुटा पडलेला तुकडा नोंदवहीसह उचलणारा विद्यार्थी आणि टोपल्या भरून नेणारा व्यापारी यांना कायद्याने एकाच तागडीत तोलू नये. जिज्ञासेला परवाना आणि व्यापाराला लगाम, हेच धोरण योग्य होय.

शाळिग्रामाचे मोल करू नये, असा पूर्वापार संकेत आहे. तो कोणत्या पिढीत, कोणाकडून घरात आला, हेही अनेक घरे सांगू शकतात. देव्हाऱ्याने पाळलेली ही शिस्त संग्राहकाने आणि शासनानेही अंगी बाणवावी.