आधी आजाराचे नाव तरी कळू द्या

स्नायू आणि नसांच्या आनुवंशिक आजारांची बातमी आपल्याकडे येते ती बहुधा औषधाच्या किमतीसह. 2021 मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकवर्गणीतून 16 कोटींचे इंजेक्शन मागवले गेले, केंद्राने आयातकरही माफ केला. ते योग्यच झाले. पण त्या आकड्याआड एक साधा प्रश्न राहून गेला: भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातल्या नाकाडोंगरीसारख्या गावात असा आजार ओळखणार कोण? अशा आजारांपैकीच एक, ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला होते. मूल उशिरा चालते, पोटऱ्या फुगीर दिसतात, खाली बसले की मांड्यांवर हात रोवून उठते. घरचे अशक्तपणा म्हणतात, टॉनिक आणतात. रक्तात एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसले की कधीकधी उपचार यकृतावर सुरू होतात, कारण हेच घटक स्नायूंतूनही रक्तात उतरतात हे ध्यानात येत नाही. वास्तविक काही शे रुपयांची सीपीके ही रक्तचाचणी संशयाला दिशा देते. जनुकीय तपासणी त्यानंतरची.

बरा न होणारा आजार ओळखून उपयोग काय, असे विचारले जाते. उपयोग आहे. वेळेवर दिलेल्या स्टेरॉइडमुळे मूल आणखी काही वर्षे स्वतःच्या पायांवर चालू शकते. पुढच्या गर्भारपणाआधी आईला सल्ला मिळतो. बऱ्याच घरांत दोष आईच्या माथी मारला जातो; प्रत्यक्षात सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये जनुकीय बदल नव्यानेच घडलेला असतो. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार नोंदलेला आहे, पण निदानाशिवाय दाखला निघत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सिकलसेलने ग्रासलेल्या पूर्व विदर्भात इतक्या विरळ आजारावर खर्च का? पण नवी यंत्रणा मागतोय कोण? सिकलसेलमुळे वाहक म्हणजे काय, हे इथल्या आरोग्यसेविकेला वेगळे शिकवावे लागत नाही. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येतेच. सरसकट चाचण्या नकोत. मूल जमिनीवरून कसे उठते, एवढे पाहावे. 2021 च्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात सुरुवातीला नेमलेल्या आठ केंद्रांपैकी महाराष्ट्रातले एकमेव म्हणजे केईएम रुग्णालय, तेही मुंबईत, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथवर जायचे की नाही हे ठरवण्याआधी सीपीके तुमसरच्या सरकारी रुग्णालयात मोफत व्हायला हवी. जिल्हा परिषदेने याच वर्षीच्या आराखड्यात तिची तरतूद करावी.