'काम शिक' म्हणजे नेमके काय शिक?



३१ जुलैला बंदी संपते आणि जेटीवर दरवर्षी तेच चित्र दिसते. डिझेल तयार, बर्फ तयार, जाळी शिवून तयार, आणि खलाशी अर्धेच. मालीम असो, कुटबण असो, वास्कोचा खारीवाडा असो की शापोरा, सगळीकडे एकच प्रश्न: "किती आले?" ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, कर्नाटक, जिथून येतील तिथून माणसे येतात. त्यांतली काही जुनी, बोटीची फळी न् फळी ओळखणारी. काही मात्र अशी, की त्यांनी समुद्रच पहिल्यांदा पाहिलेला असतो. गावच्या कोणाच्या तरी ओळखीने आलेली पोरे.

त्या नव्या पोराला आपण काय सांगतो? "बघ आणि शिक." बस्स. पंधरा दिवसांनी तांडेल सांगतो, पोरगा कामाचा नाही. पोरगा रात्रीतून पळतो, नाहीतर आपण त्याला काढतो. उचल बुडते, ऐन मोसमात पुन्हा माणूस शोधायला धावपळ. दोष कोणाचा? आपण म्हणतो, हल्लीची पोरेच तशी. मीही हेच म्हणायचो.

चार मोसमांपूर्वीची गोष्ट सांगतो. माझ्या ट्रॉलरवर झारखंडचा एक पोरगा आला, वय वीसच्या आसपास. दुसऱ्या फेरीहून बोट परत आली तेव्हा खणातले तळाचे बांगडे मऊ पडलेले. घेणाऱ्याने हात लावला आणि जागेवर भाव पाडला. माझा तांडेल रत्नागिरीकडचा, जुना माणूस. भडकला. "शेट, ह्याला गाडीत बसवा. ह्याला काय जमत नाय."

मी विचारले, "काय जमत नाही?"

"कायच जमत नाय."

"म्हणजे नेमके काय सांगितले होते त्याला?"

"सगळे सांगितले होते."

मग पोराला बाजूला घेऊन विचारले. तो म्हणाला, बर्फ वरून टाकताना पाहिला, म्हणून मीही वरूनच टाकला. नंतर उलगडा झाला. पहिल्या फेरीत खणाच्या तळाला बर्फ पसरला तेव्हा हा कठड्याला धरून ओकत होता. त्याने तळाचा थर कधी पाहिलाच नव्हता. त्याने बघितले आणि शिकला, आपण सांगितले तसेच! फक्त त्याच्या बघण्यात अर्धेच आले. मासळी गेली, भाव गेला, आणि पोराची नोकरीही जाता जाता राहिली.

त्या संध्याकाळी मी आणि तांडेल मुलाच्या शाळेची वही घेऊन बसलो. मी म्हटले, नव्या खलाशाला काय काय यायला हवे ते सांगा, मी लिहितो. अर्ध्या तासात तीसवर गोष्टी झाल्या. इतकी वर्षे हे सगळे तांडेलच्या डोक्यात होते, पण कोणी विचारले नव्हते आणि त्यानेही ओळीने कधी कोणाला सांगितले नव्हते. आम्ही त्यांतल्या थोड्या निवडल्या आणि प्रत्येकीपुढे लिहिले: केव्हापर्यंत, आणि आले हे कशावरून ओळखायचे.

माझे म्हणणे एवढेच आहे. नव्या माणसाला "चांगले काम कर" असे सांगू नका. मोजता येईल असे सांगा. आमच्या बोटीवर आज जे चालते ते खाली देतो. तुमच्या बोटीला जुळेल ते घ्या.

निघण्याआधी, जेटीवरच

१. लाईफ जॅकेट कुठे आहे ते न विचारता दाखवणे, आणि एका मिनिटात नीट बांधणे. तीन वेळा करून दाखवायचे. तिन्ही वेळा जमले तरच बोटीत.

२. वायरलेसवर चॅनल १६ लावून बोटीचे नाव सांगता येणे. कोस्ट गार्डचा १५५४ नंबर तोंडपाठ.

३. चार हाका: ओढ, सोड, थांब, माणूस पडला. तांडेल ज्या भाषेत ओरडतो त्याच भाषेत. हाक ऐकल्यावर काय करायचे ते करून दाखवायचे, नुसती मान हलवायची नाही.

४. विंच चालू असताना कुठे उभे राहायचे नाही. आम्ही ती जागा लाल रंगाने आखली आहे. तिथे पाय गेलेला किती वेळा चालेल? शून्य वेळा.

पहिली फेरी

पहिल्या फेरीत मासळीचे उद्दिष्टच नको. पोरगा ओकणार, घाबरणार, झोपणार नाही. त्या फेरीत फक्त तीन गोष्टी बघायच्या: पाणी पितो का, काही खातो का, आणि हाक ऐकतो का.

पहिले पंधरा दिवस

५. बर्फ: आधी तळाला थर, मग मासळी, मग बर्फ, बाजूंनाही बर्फ, शेवटी वर थर. आपल्या उष्ण हवेत दोन-चार दिवसांच्या फेरीला जेवढी मासळी तेवढा बर्फ हा साधा हिशोब. लागोपाठ तीन ओढींची मासळी एकट्याने नीट लावली, की ही गोष्ट आली असे धरायचे.

६. मासळी वेगळी काढणे: बांगडे, तारले, सुंगटे, माणक्या, लेपा असे आपल्याकडचे दहा प्रकार नावाने ओळखून वेगवेगळ्या क्रेटमध्ये. एका क्रेटमध्ये चुकीची मासळी किती निघाली ते मोजता येते.

७. हाताने काय उचलायचे नाही: काटेवाला सांगट, वागळे, आणि जाळ्यात आलेला समुद्री साप. साप विषारी असतो. हे दहापैकी दहा वेळा बरोबर यायला हवे. इथे नऊ चालत नाही.

८. दोन गाठी, जेटीला बोट बांधायची आणि न सरकणारा फास. दहापैकी नऊ वेळा, अंधारातसुद्धा.

दोन महिन्यांत

९. जाळ्याचे वीतभर फाटलेले भोक कोणाच्या मदतीशिवाय शिवणे. आस मूळच्या मापाचाच राहिला पाहिजे.

१०. तांडेलबरोबर रात्रीचे दहा पहारे. दुसऱ्या बोटीचे दिवे बघून ती आपल्याकडे येते की लांब जाते हे सांगता येणे.

एवढेच. एका कागदावर मावते. वाचता येत नसेल तर चित्रे काढा. माझ्या मुलीने आमच्यासाठी काढली आहेत. सांगटाचे चित्र जरा मांजरासारखे झाले आहे, पण पोरांना कळते.

आता एक महत्त्वाची गोष्ट. किती मासळी आली यावर नव्या खलाशाला मोजू नका. मासळी वाऱ्यावर, पाण्यावर, दिवसावर आणि तांडेलच्या अंदाजावर असते. कधी पर्सीनला एका टाकात बोट भरते, कधी चार दिवस फिरून डिझेलचेही पैसे निघत नाहीत. त्यात नव्या पोराचा हात किती? त्याच्या हातात बर्फ आहे, गाठ आहे, क्रेट आहे, लक्ष आहे. जे त्याच्या हातात आहे तेच मोजा. आणि मासळीवर मोजायला लागलो की माणूस घाई करतो, आणि विंचजवळ केलेली घाई बोटे घेऊन जाते. म्हणून विंचच्या आणि दोराच्या कामाला मी वेळ लावत नाही. तिथे "किती पटकन" हा प्रश्न विचारायचाच नाही, "किती वेळा चुकला" एवढेच विचारायचे.

दुसरी गोष्ट, मोजायचे ते दोन्ही बाजूंनी. पोरगा पंधरा दिवसांत शिकला नाही तर आधी स्वतःला विचारा. त्याच्या मापाचे लाईफ जॅकेट होते का? हातमोजे दिले का? त्याला झोप मिळाली का? मासेमारीच्या कामाबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००७ चा १८८ नंबरचा करार आहे. त्यात तीन दिवसांपेक्षा जास्त समुद्रात राहणाऱ्या बोटीवर २४ तासांत किमान १० तास विश्रांती सांगितली आहे. आपल्या किती बोटींवर ती मिळते ते प्रत्येकाने मनात म्हणावे. रात्रभर जाळे ओढलेल्या पोराला सकाळी गाठ जमली नाही, तर ती चूक त्याच्या डोक्याची नाही, झोपेची आहे.

तिसरी गोष्ट पैशांची. हा कागद पगार कापायचे हत्यार करू नका. ठरलेला पगार ठरलेलाच. उलट शिकवणाऱ्याला काहीतरी द्या. आमच्याकडे प्रत्येक नव्या पोराबरोबर एक जुना खलाशी जोडून दिलेला असतो. पोराच्या दहाही खुणा पूर्ण झाल्या की त्या जुन्याला मोसमाच्या शेवटी वेगळे बक्षीस. नाहीतर जुना माणूस का शिकवेल? त्याला वाटते, हा शिकला तर माझी गरज कमी होईल.

आता तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. जेटीवर ऐकले आहे.

"दर्या काय कागद वाचतो?" नाही वाचत. म्हणून तर कागद जेटीवर वाचायचा, दर्यात जाण्याआधी.

"पोरे शिकली की दुसऱ्या बोटीवर जातात." जातात, खरे आहे. माझ्याकडूनही दोघे गेले. पण न शिकलेला पोरगा माझ्याच बोटीवर राहिला तर मला जास्त महाग पडतो. आणि सगळ्यांनी शिकवले, तर जो दुसरीकडून माझ्याकडे येईल तोही शिकलेलाच येईल.

"आम्हाला कोणी कागद दिला होता?" हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त खटकतो, कारण तो मीच आधी विचारायचो. आपण कसे शिकलो ते आठवा. सहा-सात वर्षांचे असताना रापणीचा दोर धरायला किनाऱ्यावर. दहाव्या वर्षी वडिलांच्या होडीत. चुकलो तर पाठीत धपाटा, आणि संध्याकाळी त्याच वडिलांच्या ताटात जेवण. मासळीची नावे तर आईच्या टोपलीतूनच पाठ झाली. आपल्याला शिकायला दहा वर्षे मिळाली आणि शिकवणारी सगळी आपली माणसे. या पोराला आपण दहा दिवस देतो, परकी भाषा, परके जेवण, आणि वर म्हणतो, ह्याला काय जमत नाही. आपल्याला कागद लागला नाही, कारण आपल्याला घर होते.

आणि खरे बोलू? आता आपली स्वतःची मुलेही या धंद्यात कमी येतात. माझा मुलगा बोटीवर येणार नाही, हे मी मान्य केले आहे. म्हणजे वडिलांकडून मुलाकडे जे आपोआप जायचे, ते आता परगावच्या पोराच्या हातात द्यायचे आहे. ते आपोआप जाणार नाही. लिहून, दाखवून, मोजूनच जाईल.

झारखंडच्या त्या पोराचे पुढे काय झाले? दहापैकी आठ खुणा त्याने वेळेत पूर्ण केल्या. जाळे शिवायला त्याला दोनऐवजी चार महिने लागले. वायरलेसवर बोलायला तो अजून लाजतो. पण खण त्याच्या ताब्यात आहे आणि तेव्हापासून तळाची मासळी मऊ पडल्याची तक्रार आलेली नाही. त्याच मोसमात आलेल्या दुसऱ्या एकाला मात्र आम्ही महिन्याने परत पाठवले. लाल रेघेच्या आत त्याचा पाय पुन्हा पुन्हा जायचा. त्याला कागद दाखवला, काय झाले ते सांगितले, केलेल्या दिवसांचे पूर्ण पैसे आणि गाडीचे तिकीट दिले. तो रागावला नाही. "कामाचा नाही" म्हणून हाकलले असते, तर रागावला असता, आणि त्याचे बरोबर असते.

म्हणून सूचना अशी. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बोटी बंद असतात. जाळी शिवायला आपण वेळ काढतो, इंजिन उघडतो, रंग काढतो. त्यातली एक संध्याकाळ काढा. तांडेल नसेल तर फोनवर घ्या. वही घ्या आणि विचारा: नव्याला काय यायला हवे, केव्हापर्यंत, आणि आले हे कसे कळेल? प्रत्येक बोटीची अशी दहा-दहा वाक्ये जमली, तर संस्थेच्या बैठकीत त्यांचा एकच कागद करता येईल, हिंदीत, ओडियात, कन्नडमध्ये आणि चित्रांत. छपाईचा खर्च एका क्रेट बांगड्यांपेक्षा जास्त होणार नाही.

पुढच्या ऑगस्टला जेटीवर "किती आले?" हे विचारूच. पण सोबत हेही विचारू, "त्यांना काय यायला हवे ते आपण सांगितले का?"

दर्या सगळ्यांना सुखरूप घरी आणो.